हॉल्कमविरुद्ध ग्लेन

मार्लो, आयोवा
१८ मे १९५३

प्रिय वेंडेल,

रेल्वेने मला घरी बसवलं त्याला आठ महिने झाले. एकोणतीस वर्षं कानाशी तारयंत्र कडकडत होतं, आता मामीच्या भांड्यांचा आवाज ऐकतो. ती म्हणते, "पेन्शन तुम्हाला मिळाली, शिक्षा मला झाली." म्हणून मी बेसबॉलच्या मैदानावरची स्कोअररची खुर्ची पत्करली. हिट कुणाची, चूक कुणाची, हे ठरवायचा अधिकार आता या मार्लो गावात एकट्या तुझ्या हर्शेल मामाला आहे. लोक शिव्या देतात, पण आदराने देतात.

नुसता स्कोअर लिहून माझं समाधान होत नाही हे तुला माहीतच आहे. मी एक वेगळी वही केली आहे. आपला प्रत्येक फलंदाज कोणत्या संघाविरुद्ध कसा खेळतो, याचे रकाने पाडले आहेत. लिंडेलविरुद्ध वेगळा रकाना, फॉक्सबरीविरुद्ध वेगळा, तुम्हा हॉल्कमवाल्यांविरुद्ध वेगळा. गंमत बघ. आपले जावईबापू ग्लेन बाकी सगळ्या संघांविरुद्ध मिळून एकसष्ट पाळ्यांत बारा हिट. म्हणजे अगदीच रडकथा. आमचा मॅनेजर उघड म्हणतो की जुलैच्या आत त्याला घरी पाठवणार. पण हॉल्कमविरुद्ध? नऊ पाळ्यांत पाच! तू कॅचर म्हणून त्याच्या पाठीशीच बसलेला असतोस ना रे? बहिणीचा नवरा म्हणून जेवायला घालून खेळवतोस की काय?

तुझी बहीण नोरीन ठीक आहे. सहावा महिना सरत आलाय. पाय सुजतात, तरी प्रत्येक सामन्याला येऊन तिसऱ्या बाकावर बसते. ग्लेन आऊट झाला की तिचं तोंड बघवत नाही.

हे रकाने इथल्या साप्ताहिकात छापायचं ठरतंय. संपादक म्हणतो, लोक चवीने वाचतील.

तुझा,
हर्शेल मामा


हॉल्कम
२५ मे

प्रिय मामा,

पत्र मिळालं. नऊ पाळ्या म्हणजे काय हो, तीन दुपारींचा खेळ. एवढ्यावरून कुणी काही ठरवतं का? आमच्या मैदानाच्या मागे झाडी आहे, त्यामुळे पाहुण्यांना चेंडू स्पष्ट दिसतो. एवढंच असेल.

रकाने छापू नका. लोकांना आकडे द्यायचे म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. वहीत ठेवा, मामीला वाचून दाखवा.

इकडे सगळं बरं. बसच्या लांबच्या प्रवासात माझ्या शेजारी टोबी हेम असतो. आमचा पिचर. एकोणतीस वर्षांचा आहे, कोरियातल्या लढाईवरून परत आलाय, घरी बायको आणि दोन मुली. वरच्या लीगमध्ये जायचं त्याचं वय निघून गेलंय, हे त्यालाही कळतं. पण त्याचा वळणारा चेंडू मामा, तुम्ही माझ्या जागी बसून बघायला हवा. छातीवर येतोय म्हणून फलंदाज मागे सरतो, आणि चेंडू गुडघ्यापाशी येऊन माझ्या ग्लव्हमध्ये पडतो. मी बोटं दाखवून मागेन तोच चेंडू तो टाकतो, कधी नाही म्हणत नाही. म्हणतो, "तू बस आणि माग. डोकं चालवायचं काम तुझं."

नोरीनला सांभाळा.

वेंडेल


मार्लो
२२ जून

प्रिय वेंडेल,

झाडीचं सांगत होतास ना? गेल्या आठवड्यात तुम्ही आमच्या मैदानावर आलात. इथे मागे झाडी नाही, धान्य कंपनीची पांढरीफेक भिंत आहे, पांढरा चेंडू तिच्यात हरवतो. तरी ग्लेनने बारा पाळ्यांत सात हिट मारल्या! एकवीस पाळ्यांत बारा झाल्या. बाकीच्यांविरुद्ध अजून तीच रड.

पण मी काही उगाच तारमास्तर नव्हतो. दोन दिवस दुर्बीण लावून बसलो आणि कोडं सोडवलं. बारातल्या आठ हिट तुझ्या त्या टोबी हेमच्या चेंडूवर आहेत. वळणारा टाकायचा असला की तो ग्लव्ह जरा वर धरतो, मनगट बाहेर येतं. निदान मला तसं वाटलं. ग्लेनचे डोळे तेवढे तीक्ष्ण आहेत, हे मात्र मानलं.

सोबत कात्रण पाठवतोय. मथळा संपादकाचा आहे, मजकूर माझा: 'हॉल्कमच्या हेमचा चेंडू मार्लोवाले वर्तमानपत्रासारखा वाचतात.' गावात हशा पिकला. न्हाव्याने तर ते दुकानात चिकटवलंय.

आणि मुख्य बातमी. मॅनेजरने ग्लेनला ठेवलंय! म्हणाला, जो एका संघाला असा झोडतो तो दुसऱ्यालाही झोडेल. नोरीन त्या दिवशी मामीच्या गळ्यात पडून रडली. तू गावात येऊनही जेवायला आला नाहीस, याचा राग मात्र तिच्या मनात आहे. म्हणते, "दादाला मी परकी झाले." ये की रे.

मामा


हॉल्कम
१ जुलै

मामा,

तुमचं साप्ताहिक इथेही येतं हे तुमच्या लक्षात आलं नाही का? कुणीतरी ते कात्रण आमच्या खेळाडूंच्या खोलीत, टोबीच्याच खुंटीला टोचून ठेवलं. पोरं त्याला "या वर्तमानपत्रवाले" म्हणून हाका मारतात. तो हसतो. पण रोज सकाळी लवकर येऊन आरशासमोर उभा राहतो आणि मनगट लपवून चेंडू धरायचा सराव करतो. परवा त्याने सहा जणांना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. मॅनेजर ऑलरेडने बाकावर बसून खिशातल्या कागदावर पेन्सिलीने खूण केली. तो पेन्सिल काढतो तेव्हाच भीती वाटते.

टोबीच्या मनगटात काही दोष नाही. मी रोज समोर बसतो, मला दिसतं. तुम्ही छापलेलं मागे घ्या. दोष टोबीचा नाही एवढं लिहा. का, ते विचारू नका.

वेंडेल


मार्लो
८ जुलै

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला राग आला. म्हटलं, काल मिशा फुटलेला भाचा मला आकडे शिकवतोय. तुला खरमरीत उत्तर लिहायला घेतलं होतं, ते फाडलं. का फाडलं ते सांगतो.

चार आणि पाच जुलैला तुम्ही इथे आलात. तुझा अंगठा सुजलेला, तू बाकावर बर्फाच्या बादलीत हात घालून बसलेला. दुसरा कॅचर खेळला. टोबी हेमच पिचर. ग्लव्ह तसाच, मनगट तेच. आमच्या बाकीच्यांनी त्याला धुतलं खरं, कारण त्याच्या चेंडूचा ठिकाणाच राहिला नव्हता. पण ग्लेन? टोबीसमोर चार पाळ्या, चारही वेळा आऊट. दुसऱ्या दिवशी आणखी चार, चारही आऊट.

घरी येऊन मी वहीत एक नवीन रकाना पाडला. 'वेंडेल मागे असताना': एकवीस पाळ्या, बारा हिट. 'वेंडेल मागे नसताना': आठ पाळ्या, शून्य. त्या दोन ओळींकडे मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मामी कॉफी ठेवून गेली, ती तशीच गार झाली.

दोन दिवस इथे होतास, तरी जेवायला आला नाहीस. नोरीनने चेरीचा केक केला होता. रस्त्यात तुला मी हाक मारली तर तू टोपी खाली ओढून गेलास.

मी काही विचारत नाही. नाही, खोटं कशाला बोलू? विचारतोच आहे. तू खाली बसून त्याच्याशी काय बोलतोस?

मामा


हॉल्कम
२० जुलै

प्रिय मामा,

टोबीला १३ तारखेला काढलं. हे आधी लिहितो, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर.

ऑलरेडने त्याला आपल्या खोलीत बोलावलं. पाच मिनिटांत तो बाहेर आला आणि बॅग भरायला लागला. सगळ्यांशी हात मिळवले. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "वेंडेल, मी ज्यांच्याकडे चेंडू टाकले त्यांत तुझ्यासारखा कॅचर दुसरा नव्हता. तू चांगलंच मागत होतास, मलाच टाकता आलं नाही."  बस निघेपर्यंत मी संडासात जाऊन उभा राहिलो. एवढा मोठा घोडा, लपून उभा राहिलो.

तुम्ही ओळखलंच आहे. तरी माझ्या हाताने लिहितो.

एप्रिलमध्ये नोरीनचं पत्र आलं होतं. ग्लेनला काढलं तर ते दोघं ओमाहाला, त्याच्या बापाच्या कत्तलखान्यात जाणार. ती एकदा तिथे राहून आलीय. तिने लिहिलं होतं, "दादा, तो वास माझ्या केसांतून जात नाही, आणि त्याचा बाप दारू पिऊन आला की मी दाराला खुर्ची लावते. या वेळी तर पोटात बाळ आहे." ग्लेनने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मीच त्याला गाठून सुचवलं. हे लक्षात ठेवा.

फलंदाजाच्या मागे बसलेला कॅचर त्याच्याशी गप्पा मारतोच, सगळेच मारतात, त्याचं लक्ष उडवायला. आणि कोणता चेंडू येणार हे त्या सबंध मैदानात फक्त मला आणि पिचरला ठाऊक असतं, कारण बोटं मीच दाखवतो. आमचं ठरलं होतं. मी "नोरीन कशी आहे?" विचारलं की जोराचा चेंडू येणार. "माझ्या आईचे गुडघे कसे आहेत?" विचारलं की वळणारा. अंपायर पाठीशी उभा. तो एकदा मला म्हणाला, "पोरा, तुमच्यासारखं प्रेमळ घर मला असतं तर मी हा धंदाच केला नसता."

एकदाच करायचं ठरवलं होतं. पहिली मालिका, बस. मग तुमचं पत्र आलं की त्याला काढणारच आहेत. मग दुसरी मालिका. टोबीचा तो चेंडू मीच मागायचो आणि मीच विकायचो. तो मला मान डोलावून दाद द्यायचा.

आता काय करू ते सांगा. नोरीनला काही कळू देऊ नका.

वेंडेल


मार्लो
२८ जुलै

प्रिय वेंडेल,

पत्र वाचून जाळलं. मामी विचारत होती, भर जुलैमध्ये चूल कशाला पेटवताय.

तुला बोल लावायला मी कोण? एकवीसपैकी बारा हा आकडा मी जूनमध्येच पाहिला होता. तू मागे बसतोस हे मला दिसत नव्हतं का? माझ्या जागेवरून तुमच्या दोघांची तोंडं हलताना दिसतात. डोक्यात एकदा येऊन गेलं होतं. मी ते बाजूला सारलं आणि दुर्बीण टोबीकडे वळवली. तो परका होता ना. परक्या माणसाचं मनगट मला लगेच दिसलं. तारेत एक अक्षर चुकलं तर मला झोप येत नसे, आणि इथे एका माणसाची सगळी जिंदगी मी चुकीची लिहिली, तीही हशा पिकवायला.

मागे घेतोय असं लिहून संपादकाला दिलं. 'हेमच्या मनगटाबद्दल लिहिलेलं चुकीचं होतं, तो माझ्या डोळ्यांचा दोष.' त्याने ते चर्चच्या जेवणाच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं. मी एक प्रत ऑलरेडला पाठवली. उत्तर नाही.

खरं कारण लिहिलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. तू आणि ग्लेन दोघं जन्माचे बाहेर. आणि नोरीनला आता आठवा महिना संपत आलाय. माझं ऐकशील तर हे थांबव आणि गप्प राहा. हा सल्ला चांगला नाही. माझ्याजवळ दुसरा नाही.

मामा


हॉल्कम
१० ऑगस्ट

प्रिय मामा,

थांबवलं. मार्लोवाले इथे आले होते, तुम्हाला आकडा कळलाच असेल. नऊ पाळ्या, शून्य.

पहिल्या पाळीला ग्लेन आला, बॅट फिरवत उभा राहिला. मी गप्प. दोन चेंडू गेले. त्याने मान न वळवता विचारलं, "काय मेव्हणे, आज घरचं काही विचारत नाही?" मी गप्प. तो आऊट झाला. दुसऱ्या पाळीला म्हणाला, "आईचे गुडघे कसे आहेत, ते तरी बोल की." अंपायर हसला. तिसऱ्या पाळीला त्याने फक्त खाली माझ्याकडे बघितलं. मामा, मार खाणार हे माहीत असलेलं कुत्रं बघतं तसं. चेंडू मागताना मी बोटं चुकीची दाखवली, नव्या पिचरने दोनदा पुन्हा विचारलं.

सामन्यानंतर बसपाशी मी त्याला टोबीचं सांगितलं. त्याला माहीत नव्हतं की काढलंय. म्हणाला, "माझ्यामुळे?" मी म्हटलं, "माझ्यामुळे." तो बराच वेळ बसच्या चाकाला बुटाने ठोकत राहिला. मग म्हणाला, "तू ठरवशील ते मला चालेल. नोरीनला मात्र तू सांग, माझी छाती नाही."

ऑलरेडला जाऊन सांगायचं मी ठरवलंय. रोज त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जातो आणि अंगठ्याला पट्टी मागून परत येतो.

वेंडेल


मार्लो
१७ ऑगस्ट

प्रिय वेंडेल,

मुलगी झाली! शनिवारी पहाटे. सात पौंड, आणि आवाज स्टेशनच्या शिट्टीसारखा. नोरीन सुखरूप आहे. ग्लेन बाळाला असं धरतो जसं काही ते फुटेल.

आणखी एक. तुमच्याकडून शून्य घेऊन आल्यापासून ग्लेन वेगळाच खेळतोय. लिंडेलविरुद्ध दहा पाळ्यांत चार. फॉक्सबरीविरुद्ध अकरात पाच. वेंडेल, मी दुर्बीण लावून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. यात काही खोट नाही. तो आता खरंच मारायला लागलाय. मॅनेजरने पुढच्या वर्षीचा शब्द दिलाय, हिवाळ्यात चाऱ्याच्या दुकानात नोकरीही. म्हणजे ओमाहाला जायला नको. नोरीनने खिडकीला पडदे शिवायला घेतलेत.

बाप्तिस्मा ३० तारखेच्या रविवारी. नोरीनला बाळाचा धर्मपिता तूच हवा आहेस. म्हणाली, "बाळाला पाण्यापाशी दादाच धरेल, दुसरं कुणी नाही. बाप गेल्यावर त्यानेच मला सांभाळलं."

तू ऑलरेडशी बोललास का? नसशील तर मी म्हातारा तुझ्यापुढे हात जोडतो. टोबीवर अन्याय झाला, मी नाही म्हणत नाही. पण तो झालेला आहे. नोरीनवरचा अजून व्हायचा आहे.

मामा


हॉल्कम
२६ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुमचं पत्र दोन दिवस खिशात होतं. ते खिशात असतानाच ऑलरेडकडे गेलो.

सगळं ऐकून त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "हे कागदावर आलं तर तू आणि तुझा मेव्हणा पुन्हा कुठल्याही मैदानावर दिसणार नाही. आलं नाही तर कुणाला काही कळणार नाही, माझ्या संघाचंही नाव राहील. मी अजून काही ऐकलेलं नाही. तू आधी टोबीकडे जा. तो काय म्हणतो बघ, मग ये."

टोबी ड्राय क्रीकला धान्याच्या कोठारावर काम करतो. अंगणात दोन मुली खेळत होत्या. मला बघून इतका खूश झाला की आधी बायकोला हाक मारली, "व्हर्ना, वेंडेल आलाय, लिंबू-सरबत आण!" त्याने डावा हात पुढे केला. उजवा खांद्यातून वर येत नाही. काढल्यावर महिनाभर तो कोठाराच्या भिंतीवर रोज शेदोनशे चेंडू टाकत होता, मनगट लपवून, वाकडा हात करून. तुम्ही छापलेला तो दोष घालवायला. एक दिवस खांद्यात काहीतरी तुटलं. डॉक्टर म्हणाला, पोती उचलशील, चेंडू विसर.

मी सांगितलं. नोरीन, आईचे गुडघे, सगळं. मी म्हटलं, टोबी, मार मला. तो एका खोक्यावर बसला. शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे माझा चेंडू बरोबर होता?"

मी म्हटलं, "बरोबर होता."

"वळत होता नीट?"

"त्याच्याइतका चांगला चेंडू मी कुणाचा पकडला नाही."

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. ओरडून म्हणाला, "व्हर्ना, ऐकलंस का? माझा चेंडू बरोबर होता गं! मी तुला म्हणत नव्हतो?" त्याच्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं समजलं होतं, त्याला अजून समजायचं होतं. ती नजर मी विसरेन असं वाटत नाही.

मी विचारलं, तुला काय हवं ते सांग. तो म्हणाला, "परत घ्या असं म्हणत नाही, हात गेलाच आहे. पण ते कात्रण माझ्या मुलींच्या चर्चमधल्या रविवारच्या शाळेत कुणीतरी नेलं होतं. तू लिहून दे, की टोबी हेमचा दोष नव्हता, आणि का नव्हता. कागदावर. छापून येऊ दे. कुणाचं नुकसान व्हायचं आहे त्यात, सीझन तर संपतच आलाय." निघताना त्याने नोरीनची चौकशी केली, बसमध्ये मी तिच्याबद्दल बोलायचो ना. म्हणाला, "बहीण बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. बाळाचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने कागद नको म्हटलं असतं.

काल ऑलरेडला लिहून दिलं. ग्लेनचं नाव घातल्याशिवाय ते खरं होत नव्हतं, म्हणून घातलं. मीच सुचवलं हेही लिहिलं, पण त्याने ग्लेन सुटणार नाही. लीगच्या कचेरीत शुक्रवारी पोचेल. नक्कल तुमच्या संपादकाला पाठवलीय. या वेळी मोठ्या अक्षरांत छापायला सांगा.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. चर्चमध्ये जायच्या आधी नोरीनला मीच सांगेन, तोवर तुम्ही काही बोलू नका. बाळ माझ्या हातात द्यायचं की नाही, ते ती ऐकल्यावर ठरवेल.

वेंडेल